परसबागेतील सुगंधी पाने : काढणी, वाळवण आणि साठवण

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुका हा द्राक्ष, कांदा आणि टोमॅटो या पिकांसाठी सर्वश्रुत आहे. मुंबई-आग्रा महामार्गावर वसलेले पिंपळगाव बसवंत ही या तालुक्यातील एक मोठी बाजारपेठ होय. येथील बाजार समितीच्या आवारात कांद्याची व टोमॅटोची होणारी आवक पाहिली म्हणजे या परिसरातील शेतकऱ्याच्या कष्टाची आणि जिद्दीची कल्पना येते. तथापि ज्या घरातून ट्रॅक्टर भरून कांदा बाजारात जातो, त्याच घरात ज्येष्ठ-आषाढात कोथिंबिरीची एक जुडी विकत आणावी लागते आणि पौष-माघात मेथी इतकी येते की ती जनावरांपुढे टाकावी लागते, हेही तितकेच खरे आहे.

कोथिंबीर, मेथी, शेपू या पालेभाज्यांचे लिलाव नाशिकच्या बाजारात शेकडा जुड्यांच्या भावाने होतात. आवक वाढली की हे भाव इतके कोसळतात की काढणीची व वाहतुकीची मजुरीही सुटत नाही आणि माल तेथेच सोडून परतण्याची पाळी शेतकऱ्यावर येते. पाला नाशवंत असल्याने त्याला थांबायला वेळ नसतो. हा वेळ मिळवून देण्याचा सर्वांत जुना व कमी खर्चाचा उपाय म्हणजे वाळवण. घरच्या परसबागेत पिकणारी मेथी, पुदिना, कढीपत्ता, गवती चहा यांसारखी सुगंधी पाने योग्य वेळी काढून, योग्य रीतीने वाळवून ठेवल्यास वर्षभर स्वयंपाकाला पुरतात. मात्र ‘योग्य वेळी’ आणि ‘योग्य रीतीने’ या दोन शब्दांतच यशापयशाचे सारे मर्म सामावलेले आहे.

परंपरेचा आधार

वाळवण ही महाराष्ट्रातील गृहिणींना नवी गोष्ट नाही. चैत्र-वैशाखात कुरडया, पापड, सांडगे घालणे, गवारीच्या शेंगा व वांग्याच्या फोडी वाळवणे, मिरच्या वाळवून वर्षाचा मसाला करणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. निफाड परिसरात तर या ज्ञानाला आणखी दोन गोष्टींची जोड आहे.

पहिली गोष्ट कांदा चाळीची. उन्हाळ कांदा साठवताना चाळीच्या खालून व बाजूंनी वारा खेळता ठेवला नाही तर कांदा सडतो, हे येथील प्रत्येक शेतकरी जाणतो. दुसरी गोष्ट बेदाण्याची. द्राक्षाचे मणी पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून सावलीतील शेडमध्ये जाळीच्या थरांवर पसरले जातात. तेथे मण्यातील पाणी काढून घेण्याचे काम कडक ऊन करीत नाही, तर कोरडा वाहता वारा करतो. म्हणूनच सावलीत वाळलेल्या बेदाण्याचा रंग हिरवट-पिवळसर राहतो आणि उघड्या उन्हात वाळलेला बेदाणा काळपट पडतो. सुगंधी पाने वाळविण्याचे शास्त्र याहून निराळे नाही. हवा, सावली आणि पातळ थर या तीन गोष्टी ज्याला समजल्या, त्याला पाने वाळविता येतात.

कोणती पाने वाळवावीत

सर्वच पाने वाळवणीला सारखी योग्य नसतात. पानातील सुगंधी द्रव्य कोणते आहे आणि ते किती लवकर उडून जाते, यावर हे अवलंबून असते.

मेथी ही वाळवणीस सर्वांत अनुकूल भाजी होय. वाळल्यावर तिचा वास कमी न होता उलट अधिक खुलतो. बाजारात मिळणारी ‘कसुरी मेथी’ ही मात्र नेहमीच्या मेथीची नुसती वाळलेली पाने नव्हेत. ती मेथीच्याच कुळातील, परंतु बारीक पानांची निराळी जात आहे. आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबमधील कसूर या गावावरून तिला हे नाव मिळाले. भारतात राजस्थानचा नागौर भाग तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. ‘पुसा कसुरी’ हा तिचा सुधारित वाण थंड हवामानात चांगला येतो आणि त्याच्या अनेक कापण्या घेता येतात. सुरुवातीला तिची वाढ सावकाश होते, म्हणून पेरणीनंतर पहिल्या काही आठवड्यांत धीर धरावा लागतो. घरच्या वापरासाठी साधी मेथीही उत्तम वाळते. फक्त ती विकावयाची झाल्यास तिच्यावर ‘कसुरी मेथी’ असे नाव घालू नये.

पुदिना चांगला वाळतो. त्याच्या पानावरील अतिसूक्ष्म ग्रंथींमध्ये तेल साठलेले असते. पान न चुरगळता वाळविल्यास हे तेल बऱ्याच अंशी टिकते. कढीपत्त्याच्या पानात मुळातच पाणी कमी असल्याने तो लवकर वाळतो. गवती चहाची पाने वाळल्यावरही त्यांतील लिंबासारखा वास देणारे सिट्रल हे द्रव्य पुष्कळसे शिल्लक राहते. चहासाठी व काढ्यासाठी तुळशीची पानेही वाळवून ठेवता येतात.

कोथिंबिरीच्या बाबतीत मात्र अपेक्षा मर्यादित ठेवणे इष्ट. तिच्या पानांचा ताजा वास ज्या द्रव्यांमुळे येतो, ती फार लवकर उडून जातात. वाळलेली कोथिंबीर रंगाला बरी, पण वासाला फिकी असते. कोथिंबीर मुबलक असेल तेव्हा वाफ्यातील काही भाग न कापता फुलोऱ्यावर जाऊ द्यावा व त्याचे धने करावेत, हे अधिक शहाणपणाचे ठरते. धन्यातील सुगंधी द्रव्य पानातील द्रव्यापेक्षा वेगळे असून ते दाण्यात दीर्घकाळ टिकते. शेपूच्या बाबतीतही पानापेक्षा बी साठविणे फायद्याचे. पानओव्याची पाने जाड व रसाळ असल्याने ती वाळण्याआधीच काळी पडतात, म्हणून ती ताजीच वापरावीत.

काढणीची वेळ

झाडातील सुगंधी तेलाचे प्रमाण सदैव सारखे नसते. पुदिना व तुळस यांच्या बाबतीत फुलोरा येण्याच्या सुमारास ते भरपूर असते. फुले पूर्ण उमलून बी धरू लागले की झाडाची शक्ती बियांकडे वळते, पाने राठ होतात व वास उतरतो. म्हणून कळ्या दिसू लागताच काढणी करावी. मेथी कोवळी असतानाच, साधारणतः पेरणीनंतर २५ ते ३० दिवसांनी, जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटर ठेवून कापावी. मुळासकट उपटल्यास पुढचा फुटवा मिळत नाही आणि पानांना मातीही लागते. गवती चहाची पहिली कापणी लावणीनंतर साधारण चार-पाच महिन्यांनी, बुंध्यापासून सुमारे वीतभर उंची राखून करावी. कढीपत्त्याची पूर्ण वाढलेली, गडद हिरवी पाने घ्यावीत. अगदी कोवळी पोपटी पाने वाळल्यावर वासहीन होतात. कोणत्याही बहुवर्षायू झाडाचा एका वेळी एक तृतीयांशाहून अधिक पाला काढू नये.

दिवसाची वेळही महत्त्वाची आहे. पानावरील दव पूर्ण वाळले आहे, परंतु ऊन तापलेले नाही, अशी सकाळची वेळ काढणीस उत्तम. निफाड परिसर हा राज्यातील अति थंड भागांपैकी एक समजला जातो. कुंदेवाडी येथील कृषी संशोधन केंद्रात नोंदले जाणारे हिवाळ्यातील किमान तापमान वृत्तपत्रांतून दरवर्षी वाचावयास मिळते. थंडीच्या लाटेत पारा ५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखालीही उतरतो. अशा दिवसांत दव उशिरापर्यंत टिकते. ओली पाने काढून ढीग घातल्यास काही तासांतच ती आतून गरम होऊन काळवंडतात. म्हणून घाई न करता दव उठल्यावरच विळा लावावा. काढणीच्या आदल्या दिवशी वाफ्याला पाणी देऊ नये. झाडे धुळीने माखलेली असल्यास आदल्या दिवशी सकाळी झारीने धुऊन घ्यावीत, म्हणजे काढल्यावर पुन्हा फार धुवावे लागत नाही.

फवारणीचा विचार प्रथम

या तालुक्यात पाने वाळविणाऱ्याने एक गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घेतली पाहिजे. पाला मुबलक येण्याचे आणि हवा कोरडी असण्याचे जे महिने, तेच द्राक्षबागेत फवारण्यांचे महिने होत. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील फळछाटणीनंतर केवडा व भुरी या रोगांपासून बाग वाचविण्यासाठी शेतकऱ्याला वारंवार बुरशीनाशके फवारावी लागतात. ट्रॅक्टरवरील फवारणी यंत्राचा सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर बांधापलीकडे जातो. द्राक्षाच्या ओळीत, बांधावर किंवा बागेला लागून असलेल्या वाफ्यात कोथिंबीर-मेथी असेल, तर हा तुषार तिच्यावर बसतो.

औषधाच्या वेष्टनावर फवारणी व काढणी यांमध्ये किती दिवस जाऊ द्यावेत, हे दिलेले असते. परंतु द्राक्षासाठी सांगितलेला प्रतीक्षाकाळ द्राक्षासाठीच असतो. मेथीच्या पानाला तो लागू पडत नाही. शिवाय आंतरप्रवाही औषध पानाच्या आत शिरत असल्याने ते धुण्याने जात नाही. वाळवणीत तर धोका आणखी वाढतो. एक किलो मेथीची पाने वाळून सुमारे दीडशे ग्रॅम होतात. पानावरील औषध उडून न जाता तसेच राहिले, तर वजनाच्या हिशेबाने त्याचे प्रमाण सहा पटींहून अधिक होते.

निर्यातक्षम द्राक्षाच्या निमित्ताने नाशिक जिल्ह्यातील बागायतदारांना ‘उर्वरित अंश’ हा शब्द चांगलाच परिचित आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ-नियंत्रकाच्या अंशामुळे युरोपातील बाजारात भारतीय द्राक्षे अडचणीत आली आणि शेतकऱ्यांना मोठा फटका बसला. त्यानंतर द्राक्षाच्या तपासणीत जी दक्षता घेतली जाऊ लागली, तिचा काही अंश घरच्या मुलांच्या ताटात पडणाऱ्या पाल्यालाही मिळावयास हवा. त्यासाठी नियम साधा आहे. वाळवणीचा पाला घराजवळच्या, फवारणीपासून दूर असलेल्या परसबागेतूनच घ्यावा. बागेलगतचा पाला वाळविण्यासाठी वापरूच नये. परसबागेच्या कडेने उंच वाढणारे कुंपण असल्यास तुषाराला काही प्रमाणात आडोसा मिळतो, परंतु ते अंतराची जागा घेऊ शकत नाही.

वाळवणीमागील तत्त्व

पान झाडावरून तोडले म्हणजे ते लगेच निर्जीव होत नाही. त्यातील विकरांचे कार्य चालूच राहते व त्यामुळे पानाचा रंग आणि वास बिघडतो. ओलावा टिकून राहिला तर बुरशीही वाढते. म्हणून पाणी लवकर काढून टाकणे आवश्यक असते. परंतु त्यासाठी उष्णता फार वाढविली तर सुगंधी तेल उडून जाते. वाळवण लवकर व्हावी, पण गरम होऊ नये, हा मध्यममार्ग साधणे हेच खरे कौशल्य. सुगंधी पानांसाठी ३५ ते ४५ अंश सेल्सिअस ही उष्णतेची मर्यादा सुरक्षित समजली जाते.

थेट उन्हात दोन प्रकारे हानी होते. हरितद्रव्य विरते, त्यामुळे पाने पिवळट किंवा तपकिरी होतात. पानातील कॅरोटीनही प्रकाशाने व हवेने नष्ट होऊ लागते. मिरचीला किंवा धन्याला जे ऊन मानवते, ते पुदिन्याच्या पानाला मानवत नाही, ते यामुळेच.

दिवसा हवा तापली म्हणजे तिची सापेक्ष आर्द्रता कमी होते आणि ती पानातील पाणी वेगाने शोषून घेते. रात्री तीच हवा थंड झाली की तिची सापेक्ष आर्द्रता वाढते आणि अर्धवट वाळलेले पान हवेतील ओलावा परत घेऊ लागते. निफाडच्या हिवाळ्यात दिवस व रात्र यांच्या तापमानातील फरक मोठा असल्याने हा परिणाम विशेष जाणवतो. दिवसभर वाळवून रात्री उघड्यावर ठेवलेला पाला सकाळी पुन्हा मऊ झालेला दिसतो, त्याचे कारण हेच. म्हणून सूर्य मावळण्यापूर्वी वाळवण घरात घेतलीच पाहिजे.

प्रत्यक्ष कृती

काढलेला पाला प्रथम निवडून घ्यावा. पिवळी, किडकी, डाग पडलेली पाने बाजूला काढावीत. स्वच्छ पाण्यात दोनदा झटपट धुऊन, पाणी निथळून, सुती कापडावर पसरून वरचे पाणी टिपून घ्यावे. पाला पाण्यात भिजत ठेवू नये.

मेथी व पुदिन्याची पाने देठापासून वेगळी करावीत, कारण देठ वाळायला पानापेक्षा अधिक वेळ लागतो. कढीपत्ता काडीसकट वाळवून नंतर पाने ओरपून काढणे सोपे जाते. गवती चहाची पाने कात्रीने बोटभर लांबीची कापावीत. तुळशीच्या डहाळ्यांच्या लहान जुड्या बांधून त्या वळचणीखाली उलट्या टांगल्या तरी चालतात. मात्र जुडी पाच-सहा डहाळ्यांहून मोठी असू नये, नाहीतर मधली पाने बुरशीने खराब होतात.

पसरण्यासाठी जमीन वा प्लॅस्टिकचा कागद वापरू नये. प्लॅस्टिकखाली ओलावा साठतो. लाकडी चौकटीवर ताणलेली स्वच्छ जाळी, बाजेवर अंथरलेले सुती कापड किंवा मोठी चाळणी यांवर पानांचा एकेरी, विरळ थर द्यावा, म्हणजे हवा वरून व खालून खेळते. वरून पातळ मलमलीचे कापड टाकल्यास धूळ, माशा व पक्षी यांपासून संरक्षण मिळते. जागा सावलीची, परंतु वाऱ्याची असावी. दिवसातून दोन-तीन वेळा पाने हलक्या हाताने परतावीत. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत मेथी, पुदिना व कढीपत्ता साधारणतः तीन ते सहा दिवसांत वाळतात. ढगाळ हवेत अधिक वेळ लागतो. पावसाळ्यात मात्र सावलीतील वाळवणीचा प्रयत्न करू नये. नोव्हेंबर ते मे हा या कामाचा काळ होय.

बेदाण्याच्या शेडमधील जाळ्यांचे थर द्राक्षहंगाम सुरू होण्यापूर्वी रिकामे असतात. गटाने मिळून मोठ्या प्रमाणावर मेथी वाळवावयाची असल्यास ही सोय वापरता येण्याजोगी आहे. तथापि जाळ्या गरम पाण्याने व साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, त्यांवर स्वच्छ कापड अंथरल्याशिवाय पाने पसरू नयेत. जवळच्या बागेत फवारणी चालू असल्यास तो विचार सोडून द्यावा.

सौर वाळवण यंत्र साध्या लाकडी पेटीतूनही तयार करता येते. आतून काळा रंग दिलेली, दक्षिणेकडे उतरती काच असलेली पेटी, खाली हवा आत येण्यासाठी व मागे वरच्या बाजूला हवा बाहेर जाण्यासाठी जाळी लावलेली छिद्रे, एवढीच तिची रचना असते. पानांसाठी वापरताना काच व पाने यांच्यामध्ये काळे कापड ताणावे, म्हणजे ऊब मिळते पण प्रकाश पडत नाही. आत साधा तापमापक ठेवून उष्णता ४५ अंशांवर गेल्यास झाकण किंचित उघडावे.

पान वाळले की नाही हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. पान बोटांत धरून दाबले असता त्याचा कुरकुरीत चुरा झाला पाहिजे आणि बारीक देठ वाकण्याऐवजी कट्‌कन मोडला पाहिजे. पान चामड्यासारखे वाकत असेल तर त्यात ओलावा शिल्लक आहे असे समजावे.

उताऱ्याचा हिशेब

वाळवणीतून किती माल हाती येईल, हे आधी काढता येते. शाळेतील मुलांसाठी हा गणिताचा उत्तम पाठ होऊ शकेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अन्नमूल्य तक्त्यांनुसार मेथी व कोथिंबिरीच्या पानांत सुमारे ८६ टक्के, पुदिन्यात सुमारे ८५ टक्के आणि कढीपत्त्यात सुमारे ६४ टक्के पाणी असते. चांगल्या वाळलेल्या पानात ८ टक्के ओलावा राहतो असे धरू. एक किलो मेथीच्या पानांत १४० ग्रॅम घन भाग असतो. हा घन भाग वाळलेल्या मालाच्या ९२ टक्के असल्याने १४० भागिले ०.९२, म्हणजे सुमारे १५२ ग्रॅम वाळलेली मेथी मिळेल. याच रीतीने एक किलो पुदिन्यापासून सुमारे १६३ ग्रॅम आणि एक किलो कढीपत्त्यापासून सुमारे ३९० ग्रॅम माल मिळतो.

हा हिशेब निवडलेल्या पानांचा आहे. जुडीतील मुळे व देठ काढल्यावर निम्मे वजन उरते असे धरल्यास एक किलो वाळलेली मेथी तयार करण्यासाठी सुमारे १३ किलो जुड्या लागतील आणि त्या सर्व हाताने निवडाव्या लागतील. विक्रीचा विचार करणाऱ्या महिला गटाने प्रथम या निवडण्याच्या श्रमाची किंमत मांडावी. भाव पडलेला असतो तेव्हा मेथी जवळजवळ फुकट मिळते, पण तासन्‌तास बसून पाने खुडणाऱ्या बायकांचे श्रम फुकट नसतात. ही मजुरी धरूनही जो भाव परवडतो, तोच खरा भाव होय.

साठवण

वाळलेला माल उष्णता, प्रकाश, हवा आणि ओलावा या चार शत्रूंपासून जपावा लागतो. पाने थंड झाल्यावरच भरावीत. गरम पाने बंद केल्यास आत वाफ जमते. प्रथम सर्व माल काचेच्या बरणीत तीन-चार दिवस ठेवून रोज पाहावा. काचेवर आतून दमटपणा दिसला किंवा पाने मऊ पडली तर माल बाहेर काढून पुन्हा वाळवावा. एकदा बुरशीचा वास आला तर तो माल पुन्हा वाळवून उपयोग नाही. काही बुरशी विषारी द्रव्ये निर्माण करतात व ती वाळवण्याने वा शिजविण्याने पूर्णपणे नाहीशी होत नाहीत. असा माल निःसंकोचपणे फेकून द्यावा.

पाने शक्यतो अखंड ठेवावीत व वापरतेवेळी चुरावीत, कारण चुरलेल्या पानातील तेल लवकर उडते. घट्ट झाकणाची बरणी किंवा डबा अंधाऱ्या, कोरड्या फडताळात ठेवावा. चुलीवरील किंवा गॅसजवळील फळी सोयीची असली तरी तेथील उष्णता व वाफ मालाला मारक असते. प्रत्येक डब्यावर पदार्थाचे नाव व वाळविल्याची तारीख लिहावी. आषाढ-श्रावणातील दमट हवेत मोठा डबा वारंवार उघडू नये, रोजच्या वापरासाठी लहान डबी वेगळी भरावी. नीट ठेवलेली पाने सहा महिने ते एक वर्ष चांगली राहतात. स्वयंपाकात ताज्या पानांच्या साधारण एक तृतीयांश मापाने वाळलेली पाने वापरावीत आणि ओला चमचा डब्यात कधीही घालू नये.

पोषणाच्या दृष्टीने

वाळवणीत पाणी जाते, खनिजे जात नाहीत. म्हणून वाळलेल्या पानांतील चुना, लोह यांचे प्रमाण वजनाच्या मानाने वाढलेले दिसते. क जीवनसत्त्व मात्र बहुतांशी नष्ट होते. या वाढलेल्या आकड्यांवरून चुकीचे निष्कर्ष काढले जाऊ नयेत. उदाहरणार्थ, १०० ग्रॅम ताज्या कढीपत्त्यात सुमारे ६५० ते ८३० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. वाळलेल्या कढीपत्त्याची दोन ग्रॅम पूड आमटीत घातली तर त्यातून साधारण ३० ते ४० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळेल. मुलाची दिवसाची गरज काहीशे मिलिग्रॅमची असते. म्हणजेच वाळलेली पाने ही ताज्या पालेभाजीला, डाळीला वा दुधाला पर्याय नव्हेत. त्यांचे खरे मोल निराळे आहे. पावसाळ्यात भाजी महाग झाली असता डाळ-भाताला चव आणण्याचे काम ती करतात आणि चव असलेले अन्न मूल पोटभर खाते.

शाळा, ग्रामपंचायत आणि बचत गट

शालेय परसबागांची कल्पना आता रुजली असून केंद्र शासनाने २०१९ मध्ये शालेय पोषण बागांसंबंधी मार्गदर्शक सूचनाही दिल्या आहेत. मात्र अनेक शाळांत सुट्टीच्या काळात बागेचा पाला वाया जातो. दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी मेथी, पुदिना व कढीपत्ता यांची काढणी करून मुलांकडून तो वाळवून घेतल्यास शाळेच्या स्वयंपाकघराला पुढील सत्रात उपयोग होईल. ताजे वजन, रोजचे घटते वजन, तापमान व लागलेले दिवस यांची नोंद मुलांनी वहीत केली, तर बाष्पीभवन, टक्केवारी आणि आलेख हे विषय पुस्तकाबाहेर येतील. वाळवलेला माल वापरण्यापूर्वी तो शिक्षकांनी व स्वयंपाक करणाऱ्या भगिनींनी तपासून घ्यावा, हे सांगणे नलगे.

ग्रामपंचायतीने दोन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. सार्वजनिक इमारतीच्या आवारात, सांडपाण्यापासून दूर, कढीपत्ता व गवती चहाची लागवड करणे ही पहिली. शाळा व अंगणवाडी यांच्या शेजारील बागायतदारांनी वारा शांत असताना व मुले आवारात नसताना फवारणी करावी, अशी गावाच्या संमतीने प्रथा पाडणे ही दुसरी. यांपैकी दुसऱ्या गोष्टीला पैसा लागत नाही, केवळ गावाचा एकविचार लागतो.

विक्रीसाठी माल तयार करणाऱ्या गटांनी अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये आवश्यक ती नोंदणी प्रथम करून घ्यावी आणि वेष्टनावर पदार्थाचे नाव, वजन, उत्पादनाची तारीख यांची खरी माहिती द्यावी. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, कर्जाशी निगडित अनुदानाची आणि स्वयंसहायता गटांतील सदस्यांसाठी प्रत्येकी ४० हजार रुपयांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद करण्यात आली. अशा योजनांची सद्यःस्थिती, अटी व मुदत यांबाबत तालुका कृषी अधिकारी कार्यालयाकडे किंवा ‘उमेद’ अभियानाच्या तालुका कक्षाकडे चौकशी करूनच गटांनी खर्चाचा निर्णय घ्यावा. यंत्रसामग्री घेण्यापूर्वी एक हंगाम जाळी व कापडावर काम करून पाहणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय.

परसबागेतील चार वाफ्यांनी बाजारभावाचा प्रश्न सुटणार नाही, हे उघड आहे. परंतु हिवाळ्यात उकिरड्यावर जाणारा पाला आषाढात ताटात येऊ शकतो आणि त्यासाठी लागणारे भांडवल म्हणजे एक स्वच्छ कापड, थोडी सावली आणि वेळेचे भान एवढेच आहे. कांद्याच्या चाळीत व बेदाण्याच्या शेडमध्ये निफाडच्या शेतकऱ्याने जे ज्ञान कमावले आहे, ते घराच्या ओसरीपर्यंत आणण्याचे काम शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांनी मनावर घेतले, तर येत्या हिवाळ्यातच त्याचा प्रत्यय येऊ शकेल.